ठिपक्याने मिटवलेला प्रश्न

एकदा रसायनांच्या एका पेढीत नवी संगणकप्रणाली आली. ती सांभाळण्याचे काम त्र्यंबकराव नावाच्या वृद्ध, जाणत्या गृहस्थांकडे होते. त्यांच्या हाताखाली हर्षल हा तरुण शिकत होता.

त्र्यंबकराव आजारपणामुळे रजेवर असताना एके सकाळी मालाची एकही पावती निघेना. पडद्यावर एकच वाक्य येई : 'आवश्यक माहिती भरलेली नाही.' कोणती माहिती, हे ते वाक्य सांगत नव्हते. हर्षलने ग्राहकाचे नाव तपासले, पत्ता तपासला, ऑर्डर पुसून पुन्हा भरली. अखेर त्याला कारण सापडले. मालाच्या मूळ नोंदीत 'साठवणुकीची खबरदारी' हा रकाना कोरा होता. एकाच मालाचा नव्हे, सगळ्याच मालाचा.

बाहेर ट्रक खोळंबले होते. "अरे, आज माल निघणार आहे की नाही?" पेढीचा मालक ओरडला.

हर्षलने रकान्यात एक ठिपका टाकला. रकाना आता कोरा नव्हता; संदेश नाहीसा झाला. मग त्याने सगळ्याच नोंदींत ठिपके भरून टाकले. मालकाने त्याची पाठ थोपटली. त्या दिवसापासून पिंपांच्या लेबलांवर खबरदारीच्या जागी नुसता ठिपका छापला जाऊ लागला.

काही आठवड्यांनी गोदाम धुताना सिकंदर मुलाणी या हमालाने मारलेले पाणी एका उघड्या पिंपात गेले. आतल्या भुकटीला पाणी लागले की विषारी वायू निघतो, हे त्याला ठाऊक नव्हते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला होता.

बातमी कळताच त्र्यंबकराव पेढीत आले. थेट संगणकापुढे बसले आणि त्यांनी सगळे ठिपके पुसून टाकले. तत्क्षणी प्रत्येक पावती अडली.

"अहो, हे काय करून ठेवलंत? सगळा धंदा ठप्प झाला!" मालक म्हणाला.

"पहिली पावती अडली त्याच दिवशी व्हायला हवा होता," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले.

हर्षलचा चेहरा उतरला होता. "सर, मी तर फक्त बिघाड दूर केला होता."

"बिघाड नव्हताच, बाळा. यंत्र प्रश्न विचारत होतं : हा माल ठेवायचा कसा? तुला उत्तर ठाऊक नव्हतं, तसं सांगून थांबायचं होतं. मालक रागावले असते, इतकंच. तू यंत्राचं तोंड बंद केलंस. पण प्रश्न त्यामुळे संपत नाही. तो पुढे जातो, आणि ज्याला तो ठाऊकच नाही अशा माणसावर जाऊन आदळतो."

हर्षल माल बनवणाऱ्या कारखान्यांत गेला, तिथल्या रसायनतज्ज्ञांना विचारून एकेक रकाना खऱ्या माहितीने भरू लागला. पावत्या पुन्हा निघू लागल्या. यावेळी त्याला आनंद झाला नाही.

एके दुपारी सिकंदरची पत्नी नवऱ्याचे कपडे आणि डबा न्यायला आली. पिशवी हातात घेऊन ती दारातच थबकली.

"त्या पिंपावर काहीच लिहिलं नव्हतं का हो? त्यांना वाचता येत होतं."

मालकाने खिडकीबाहेर पाहिले.

हर्षल खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उभा राहिला.

"नव्हतं, ताई," तो म्हणाला. "लिहायचं काम माझं होतं."