थंड चुलींचा माळ

करंजघर गावाच्या वरच्या माळावर तीन-तीन धोंड्यांच्या चाळीस चुली आहेत. प्रत्येकीत राख आहे, पण एकाही धोंड्याला काजळी नाही. राख आहे तर जाळ कधी झाला, हे आम्हाला कळेना. वाट दाखवायला आलेले कोंडाबाआण्णा पलटणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ह्या चुली कधी पेटल्याच न्हाईत. पहिली राख लांबनं आली."

असे सांगतात, की इथल्या सुभानजी नाइकाचे चाळीस जणांचे पथक तुंगभद्रेपलीकडे परक्या लढाईला गेले. लढाई कुणाची, कशासाठी, हे आण्णांना ठाऊक नाही; नाइकालाही नव्हते, म्हणे. पाच वर्षे पथकाने एका टेकडीवर तळ दिला. पायथ्याच्या गावाने त्यांना पाणी दिले, ज्वारी दिली, शत्रूच्या वाटा दाखवल्या. त्यामुळे शत्रूचा त्या गावावर डोळा होता. गावातली तिम्मव्वा रोज ताकाची घागर घेऊन वर यायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत चिडवायची, "भाकरी थापायला शिकलात, आता लढायलाबी शिका की!"

नाइकाने तिला शब्द दिला होता, "आमच्या चुलींचा धूर दिसतोय तोवर बिनघोर राहा. धूर थांबला, तर पोरंबाळं घेऊन रान गाठा."

मग एके दिवशी परतीचा हुकूम आला. पाठलाग होऊ नये म्हणून नाइकाने जुनीच युक्ती केली. चाळीसही चुलींत ओल्या गोवऱ्या आणि भुसा कोंबला, आणि धुक्याच्या आडोशाने पथक उतरले. दोन दिवस टेकडीवर धूर निघत राहिला. शत्रू फसला. पायथ्याचे गावही तो धूर बघत बिनघोर राहिले.

नदीपाशी राणोजी नावाचा गडी थांबला, म्हणे. "नाईक, तिम्मव्वाला कुणी सांगितलं का?"

नाईक पाण्यात उतरला, त्याच्यामागे बाकीचे.

इथे आण्णाही थांबले. काहींचे म्हणणे, नाईक विसरला. काहींचे म्हणणे, विसरला नव्हता. गाव रानात गेले असते तर शत्रूला सुगावा लागला असता आणि चाळिसांतला एकही घरी पोचला नसता.

"तुम्हाला काय वाटतं, आण्णा?"

"मी त्या चाळिसांतल्याच एकाचा वंशज. मला काय इचारतीस, पोरी?"

दोन महिन्यांनी, इथे पथकाच्या स्वागताच्या पंगती अजून चालूच होत्या, तेव्हा तिम्मव्वा चालत आली. ताकाची तीच घागर, आत राख. तिने शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला नाही. पंगतीत बसलेल्या नाइकाला एवढेच विचारले, "धूर तुमचाच होता ना?" तिच्या गावात मागे कोण उरले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिने माळावर चाळीस चुली मांडल्या, प्रत्येकीत मूठभर राख ठेवली. पुढे ती कुठे गेली, कुणी सांगत नाही. नाइकाच्या घरची चूल मात्र तो मरेपर्यंत पेटली नाही.

आजही करंजघरातून कुणी परगावी निघाले, की आधी शेजाऱ्याला बोलावतात. शेजारी चुलीत हात घालून राख थंड असल्याची खात्री करतो, मग त्यातली चिमूटभर माळावर येते. गॅस आला, तरी शेगडीवर तळहात ठेवतातच. पलटणीत निघालेल्या मुलाच्या घरी सगळी आळी हात लावून जाते.

आम्ही माळाच्या कडेला तीन दगडांवर चहा केला होता. निघताना आण्णा म्हणाले, "हात लाव."

मी लावला आणि दचकून मागे घेतला. धग होती.

"आण्णा, खालून आमची शेवटची एसटी जाईल..."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि तिथेच मांडी घालून बसले. त्या दगडांतून अजून बारीक धूर निघत होता. खाली दरीतल्या घरांतून तो दिसत असेल का, तेवढेच मी बघत राहिले.