नऊ नगाऱ्यांचा सम्राट

ही गोष्ट माझ्याइतकी खरी कुणी सांगू शकत नाही, कारण मी ती या डोळ्यांनी पाहिली. बरं, पाहिली नाही, ऐकली. तीही अर्धीच. मधे डुलकी लागली, तेवढा भाग घरचा आहे. तो कुठला हे ओळखणाऱ्या शहाण्यांनी गप्प बसावं.

तर फार फार पूर्वी, डोंगर अजून पोरवयात होते तेव्हा, एका सम्राटाचं राज्य नऊ प्रांतांत पसरलं होतं. प्रत्येक प्रांताला एक किल्ला, किल्ल्यावर एक नगारा. रीत अशी, की संकट आलं की नगारा बडवायचा. शेजाऱ्यानं तो ऐकून आपला बडवायचा आणि मदतीला धावायचं. राजधानीला वर्दी मागाहून.

एकदा एका प्रांतात वणवा पेटला. चार प्रांतांची माणसं धावली, वणवा विझला.

"महाराज, सगळे वाचले!" प्रधान आनंदानं म्हणाला.

"वाचले, पण मला न विचारता वाचले!" सम्राट म्हणाला. "आज वणव्यावर एकत्र धावले, उद्या माझ्यावर धावतील."

सुना एकत्र हसल्या की सासूला जसा संशय येतो, तसा त्याला संशय येऊ लागला. हसू नका सासूबाई, तुम्हालाच म्हणतोय. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं हुकूम सोडला, "नऊही नगारे राजधानीत जमा करा. संकट आलं तर स्वार पाठवा. कुणी धावायचं ते आम्ही ठरवू."

नगारे उतरले. पूर्वी नगारा वाजला नाही म्हणजे सगळं क्षेम, असं लोक समजत. आता तीच शांतता ऐकून छातीत धडधडे. शेजारी जिवंत आहे की मेला, कळायचं कसं? बाया धान्याची मडकी जमिनीत पुरू लागल्या. बुरुजावरचे पहारेकरी शत्रूची वाट सोडून शेजाऱ्याच्याच वाटेकडे टक लावून बसत.

अन् शत्रू आलाच. पहिल्या प्रांताचा स्वार चार दिवसांनी राजधानीत पोहोचला. सम्राटानं आणखी दोन दिवस खल केला. तोवर किल्ला पडला. शेजारच्या सुभेदाराला धूर दिसला, पण हुकूम नव्हता. तो बसून राहिला, नि महिन्याभरात तोही गेला. हे पाहून तिसऱ्यानं वेशी बंद केल्या, शत्रूशी परस्पर तह केला आणि स्वतःचं निशाण लावलं. उरलेल्यांनी तोच कित्ता गिरवला. वर्षभरात साम्राज्याचे तुकडे झाले.

मग राजधानीसमोर धूळ उठली. सम्राटानं स्वतः टिपऱ्या हाती घेतल्या आणि नऊही नगारे बडवले. तळहात फुटले. उलट वाजायला दूर एकही नगारा उरला नव्हता, अन् धावूनही कुणी आलं नाही.

"कुणीच कसं येत नाही रे?" त्यानं राजवाड्याच्या म्हाताऱ्या नगारच्याला विचारलं.

नगारची म्हणाला, "शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडून जो राज्य राखू पाहतो, त्याच्या हाकेला ओ देणारं कुणी उरत नाही, महाराज."

"एवढं ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही बोललास?"

"तेव्हा बोललो असतो, तर आज तुम्ही दहा नगारे बडवत असता, महाराज. दहाव्याला कातडं माझं!"