हरवलेला फटका

एकदा एक भांड्यांचा व्यापारी गोल्फ शिकवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेला आणि म्हणाला, "मास्तर, माझा एक फटका हरवला आहे. तेवढा परत मिळवून द्या, दुसरं काही नको."

मास्तर छावणीच्या माळावरच्या जुन्या मैदानात शिकवत. त्यांनी शांतपणे विचारले, "कसा होता तो फटका?"

"चेंडू सरळ जायचा, हे तर झालंच. पण मुख्य म्हणजे मला काही करावं लागत नसे. स्टिक मागे जायची, आपसूक पुढे यायची, टक् असा एकच आवाज यायचा आणि अंगभर बरं वाटायचं. आता कितीही मारलं तरी तसं होत नाही. तो फटका पुन्हा लागला ना, तर सगळं पहिल्यासारखं होईल."

सगळं म्हणजे काय, हे मास्तरांनी विचारले नाही.

व्यापाऱ्याने प्रयत्नांत कसूर केली नव्हती. शहरातले शिक्षक झाले, महागड्या स्टिका झाल्या, मनगटांचे व्यायाम झाले. एकाने सांगितले पकड घट्ट करा, दुसऱ्याने सांगितले सैल करा. हा भला माणूस दोन्ही करून बसला. चेंडू मात्र कधी डावीकडे भरकटे, तर कधी उजवीकडच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसे. तरीही रोज संध्याकाळी दुकान मुलाच्या हवाली करून तो याच मैदानावर येई आणि दिसेनासे होईपर्यंत चेंडू मारत राही. बघणारे म्हणत, शेठना खेळाचं भारी वेड. वेड खेळाचे नव्हते, पण हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

"उभे राहून दाखवा," मास्तर म्हणाले.

व्यापाऱ्याने पाय रोवले, गुडघे किंचित वाकवले, स्टिक चेंडूमागे टेकवली. आता उचलणार, तोच मास्तरांनी वाकून चेंडू उचलला आणि खिशात टाकला. "आज एवढं पुरे. उद्या या."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र व्यापाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, मी मारायला शिकायला आलोय, की नुसतं उभं राहायला?"

"उभं राहायला," मास्तर म्हणाले. मग त्यांनी एक वेळूची काठी आणली आणि व्यापाऱ्याच्या दोन्ही बुटांच्या टोकांना लावून जमिनीवर ठेवली. "आता स्टिक बाजूला ठेवा. ही काठी जिकडे रोखली आहे, तिकडे सरळ चालत जा."

चेंडू ज्या खळग्यात घालायचा, तिथे रोवलेल्या झेंड्याकडेच काठी रोखलेली असणार, याविषयी व्यापाऱ्याला शंका नव्हती. तो चालू लागला. थोड्या वेळाने पाहतो तो झेंडा पार उजवीकडे राहिलेला. आपली वाट चुकली असे समजून त्याने मागे पाहिले, तर मास्तर हातानेच खुणावत होते, चला, पुढे चला. तो चालत राहिला आणि मैदानाच्या डाव्या कडेला, जांभळाखालच्या दगडी बाकाशी जाऊन पोहोचला.

तिथे तो बराच वेळ उभा होता. मग बसला, तोही बाकाच्या एका टोकाला, शेजारची जागा मोकळी ठेवून.

मास्तर सावकाश चालत आले आणि समोरच्या दगडावर टेकले. "इथे कोण बसायचं, शेठ?"

"आमची ही," व्यापारी म्हणाला. "खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे. मटार सोलत बसायची. मान वर करून चेंडू कुठे गेला, हे कधी पाहिलं नाही. नुसत्या आवाजावरून म्हणायची, हा बरा वाजला हो." शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून तो म्हणाला, "ती गेल्यापासून घरी पाऊल टाकवत नाही, मास्तर. फार आठवण येते."

मास्तर म्हणाले, "शेठ, तुमच्या हातांत काहीच खोट नाही. पाय रोज इकडे यायला निघतात आणि चेंडू तुम्हाला तिकडे हवा असतो. मधल्या मध्ये हातांची ओढाताण होते. अंग नीट उभं राहिलं की स्टिकचा झोका आपोआप येतो, त्याला आणावं लागत नाही. पाळण्याला हिसका दिला तर तो वाकडाच जाणार. या पायांना मी रागावणार नाही. त्यांना यायचं आहे तर येऊ द्या, रिकाम्या हातानं येऊ द्या. इथे बसा, बोला. मग तिकडे जाऊन उभे राहा."

व्यापारी बसला. काय बोलला ते आपल्याला ठाऊक नाही. मास्तर तोवर लांब जाऊन उभे राहिले होते.

परत आल्यावर त्याने काठी झेंड्याकडे रोखून ठेवली आणि तिला पाय लावले. आपण कुणापासून तरी तोंड फिरवतो आहोत असे त्याला वाटले, आणि ते खरेही होते. मास्तरांनी खिशातला चेंडू काढून समोर ठेवला. स्टिक मागे गेली, आपल्याच वजनाने पुढे आली. टक्.

चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ पडला. व्यापाऱ्याने तो पाहिलाच नाही. आवाज होताच त्याची मान बाकाकडे वळली होती आणि तो कान देऊन उभा होता. तिकडून कुणी काही म्हटले नाही.

फटका परत आला होता. त्याच्यासोबत जे परत येईल असे त्याने धरले होते, ते आले नव्हते. डोळे पुसून तो म्हणाला, "मास्तर, मी फटका शोधत नव्हतो."

"नाही," मास्तर म्हणाले.

मग त्याने स्टिका आवरल्या आणि त्या दिवशी तो उजेड असतानाच घरी गेला.

हातून काही नीट होईनासे झाले, की आपण हातांनाच बोल लावतो. पाय कुणाकडे निघाले आहेत ते एकदा पाहावे, आणि तिथे जाऊन घटकाभर बसून यावे.