अंड्यांच्या नावावरचं कर्ज

एक होतं जंगल. चांगलं खातंपितं, श्रीमंत जंगल. डोंगरभर मध, नदीभर मासे. ते बघून शेजारच्या जंगलांच्या पोटात दुखायचं. अशा जंगलाला कर्ज कशाला लागेल, असं तुम्ही विचाराल. अहो, निवडणुका होत्या ना!

राजा गवेंद्र दर निवडणुकीला एकच भाषण करायचा, "कर निम्मे, मेजवान्या दुप्पट!" आणि प्रजा टाळ्या वाजवायची. राजा शब्दाचा पक्का. कर निम्मे झाले, पण आधी हत्तींचे. हत्ती रुसून दुसऱ्या जंगलात गेले तर जंगलाची शान काय राहणार? सशांचे पुढच्या वर्षी होणार होते. ते अजूनही पुढच्याच वर्षी आहेत.

कोठार रिकामं झालं तेव्हा अर्थमंत्री तरसराव नदीकाठच्या मगरशेठकडे गेले. शेठ म्हणाले, "देतो की! पण फेडणार कोण?"

तरसरावांनी सभा बोलावली. "बंधुभगिनींनो, घाबरू नका. फेडायचं तुम्हाला नाही, मला तर नाहीच नाही. आपण कर्ज अंड्यांच्या नावावर काढू! ज्या अंड्याचा विरोध असेल, त्याने आवाज द्यावा."

एकाही अंड्याने आवाज दिला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

"अहो तरसराव," माळावरची टिटवी ओरडली, "माझ्या लेकरांनी अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत हो!"

"म्हणूनच, टिटवीबाई. डोळे उघडले की कोणी सही करत नाही."

मग काय विचारता! मेजवान्या झडल्या. कर्जाचं व्याज भरायला दुसरं कर्ज काढलं, आणि ते मिळाल्याच्या आनंदात आणखी एक मेजवानी झाली. टिटवीने अंडी दगडांत लपवली, तर मगरशेठचा वसुलीचा बगळा तिथेच येऊन एका पायावर उभा राहिला. बिचारी टिटवी अंडी उबवायची आणि त्यांनाच विनवायची, "एवढ्यात फुटू नका रे, बाळांनो." आईच्या तोंडी असले शब्द येण्याइतकं ते जंगल संपन्न होतं.

शेवटी एक अंडं फुटलंच. पिल्लाने डोकं बाहेर काढलं, तर समोर बगळा आणि तरसराव.

"अभिनंदन!" तरसराव म्हणाले. "मेजवान्यांचे पैसे तेवढे भरून टाक."

"पण मी तर काहीच खाल्लं नाही."

"तुझ्या वतीने आम्ही खाल्लं."

पिल्लाने जरा विचार केला. "मग मी पण माझ्या अंड्यांच्या नावावर काढू का?"

तरसरावांना गहिवरून आलं. "पोरगं शिकूनच आलंय! पुढच्या निवडणुकीला याला तिकीट द्या."

टिटवीने हंबरडा फोडला. तिच्या डोळ्यांत होते ते आनंदाश्रू, असं सरकारी पोपटांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं.