साडेचार बोटांची शेगडी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कुठल्या डोंगरावर होतं हे त्या डोंगरालाही आठवत नसेल.

तिथली थंडी जीवघेणी. म्हणून गावानं मिळून एक मोठी लोखंडी शेगडी ठेवली होती, दोन बाजूंना लाकडी मुठी असलेली. कुणाकडे बाळ जन्मलं, की बाळंतिणीच्या आईवडिलांनी ती पेटत्या कोळशांनी भरून न्यायची. वाटेत खाली टेकवायची नाही, असा रिवाज. ओल्या जमिनीवर टेकली की निखारे विझत.

एकदा त्यातली एक मूठ पार झिजून तडकली. सुईणीनं शेगडी धाकोजी सुताराकडे आणून दिली. त्याचा हात मोठा गुणी बरं का, पण मन जरा कोतं! त्याच्याकडे मुरलेल्या शिसवाचा एकच तुकडा होता आणि तो त्यानं लेकीच्या होणाऱ्या बाळाच्या पाळण्यासाठी जपला होता. गावाच्या शेगडीवर तो कशाला घालवायचा? त्यानं भेगांत लाख भरली, वरून तेल चोळलं. मूठ अशी चकाकली, की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, मुठीवर बोटं रुतल्याच्या खुणा. त्यानं त्या घासून काढल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा उमटल्या, आणि जास्त खोल. मग त्यानं नीट पाहिलं. चार बोटं पूर्ण होती, करंगळी अर्धी. धाकोजीची करंगळी लहानपणीच वाकसानं लाकूड तासताना तुटली होती. गावात दुसऱ्या कुणाचा हात तसा नव्हता.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याची बायको गिरजा हलकेच म्हणाली, "अहो, ती लाख उकरून काढा. नवं लाकूड घाला."

आपणच झोपेत हात लावला असेल, असं म्हणून त्यानं खुणा पुन्हा बुजवल्या आणि शेगडी सुईणीला परत देऊन टाकली.

पौषात, दिवस भरायच्या आधीच लेक गावातल्याच सासरी बाळंत झाली. भरदुपारी एवढं धुकं, की आपलंच पाऊल दिसेना. शेगडीबरोबर सुईणीचा निरोप आला, की बाळ निळं पडतंय, लवकर ऊब आणा. शेगडी भरली. गिरजानं घाईत धड मूठ धरली. उरली ती धाकोजीची. तिच्यावर खुणा परत उमटल्या होत्या, आणि त्याची बोटं बरोब्बर त्यांत जाऊन बसली.

अर्ध्या वाटेत धगीनं लाख वितळली. लाकूड तुकड्यातुकड्यांनी गळून पडलं, शेगडी कलंडू लागली. गिरजानं आपली बाजू घट्ट धरून ठेवली. धाकोजीनं तापलेलं लोखंडच मुठीत धरलं आणि तो चालत राहिला.

बाळ वाचलं. पण तो हात पुन्हा कधी हत्याराभोवती मिटला नाही. डाव्या हातानं, महिनोन्‌महिने खपून, त्यानं शिसवाची नवी मूठ बसवली. नात झोळीतच वाढली. नव्या मुठीवर कधी खुणा उमटल्या नाहीत. लोखंडावर मात्र साडेचार बोटं उमटली होती, ती कितीही घासली तरी जाईनात.

तेव्हापासून त्या गावात रिवाज पडला, की मूठ दुरुस्त करणाऱ्यानंच पेटती शेगडी उचलून गावाला पहिली फेरी घालायची.

तर मंडळी, जी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची, ती उद्या आपल्याच हातात येणार आहे असं समजून घडवावी.