गोगलगायीचं नाव

बालवाडीच्या खिडकीत राहायची एक गोगलगाय. इवलीशी. तिची शिंगं त्याहून इवलीशी.

त्या आठवड्यात सगळी मुलं बागेतली नावं लिहीत होती. कुणी लिहिलं मुंगी. कुणी लिहिलं फुलपाखरू. छबूनं पाटीवर लिहिलं गोगलगाय.

"एवढं मोठं नाव? माझं?" गोगलगाय म्हणाली.

ती नावावर फिरायला निघाली. सरक सरक, सरक सरक. पहिल्या अक्षरावर चढली. शेवटच्या अक्षरावरून उतरली. मागे वळून बघते तर काय? पोट ओलं, पाटी ओली, नाव गायब.

आता घंटा होणार. बाई येणार. पाट्यांवरची नावं मोठ्यांदा वाचणार. आणि गोगलगायीचं?

गोगलगाय गेली छबूकडे. सरक सरक, सरक सरक.

"छबूताई, छबूताई, माझं नाव लिही ना."

"पाटी ओली आहे गं. वाळली की लिहीन."

गोगलगाय गेली पाटीकडे. सरक सरक, सरक सरक.

"पाटीबाई, पाटीबाई, वाळ ना. छबू लिहीना."

"वारा आला की वाळेन."

गोगलगाय गेली खिडकीच्या फटीपाशी. बाहेर होता वारा.

"वारेदादा, वारेदादा, आत ये ना. पाटी वाळेना, छबू लिहीना."

"खिडकी उघडली की येईन."

गोगलगाय वळली खिडकीकडे.

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना. वारा येईना, पाटी वाळेना, छबू लिहीना."

"माझ्या कडीला दप्तर लटकलंय. ते उतरलं की उघडेन."

गोगलगाय चढली दप्तरावर. सरक सरक, सरक सरक.

"दप्तरदादा, दप्तरदादा, उतर ना. खिडकी उघडेना, वारा येईना, पाटी वाळेना, छबू लिहीना."

"जड झालोय मी. हलवत नाही. डबा रिकामा झाला की उतरेन."

गोगलगाय शिरली दप्तरात.

"डबेदादा, डबेदादा, रिकामा हो ना. दप्तर उतरेना, खिडकी उघडेना, वारा येईना, पाटी वाळेना, छबू लिहीना."

"छबूनं काकडी खाल्ली की होईन."

गोगलगाय परत छबूकडे. सरक सरक, सरक सरक. दमली बिचारी.

"छबूताई, छबूताई, काकडी खा ना. डबा रिकामा होईना, दप्तर उतरेना, खिडकी उघडेना, वारा येईना, पाटी वाळेना, छबू लिहीना."

"छबू लिहीना? म्हणजे मीच की."

"हो, तूच. खा ना."

"भूक नाही गं. आत्ताच अर्धी पेन्सिल खाल्ली."

गोगलगाय वळली डब्याकडे. मग तिची शिंगं ताठ झाली.

"काकडी? हिरवी हिरवी? मग मीच खाते."

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. काकडी संपली.

डबा रिकामा झाला, खडखड.
दप्तर उतरलं, धप्प.
खिडकी उघडली, कर्रर्र.
वारा आला, सूंऽऽ.
पाटी वाळली, चट.
छबूनं उरलेली अर्धी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, गोगलगाय.

घंटा झाली, टण टण टण. बाई आल्या. वाचू लागल्या.

"मुंगी. फुलपाखरू. गोगलगाय."

गोगलगाय खुदकन हसली. आणि निघाली पाटीकडे. सरक सरक, सरक सरक.

"कुठे निघालीस?" छबूनं विचारलं.

"नावावर बसायला."

"नको गं बाई. लांबूनच बघ."

मग गोगलगाय पाटीच्या चौकटीवर बसली. पोट भरलेलं. नाव लिहिलेलं.

पाटी भरली, गोष्ट सरली.