येसूआजीच्या पदरावरचा दगड

तुमची आजी गेली बहिणीकडे, आणि तुम्ही बसलात माझ्या उरावर. गोष्ट सांगा म्हणे. मला काय गोष्टी येतात? एक येते. आवडली नाही तरी तीच. पाय गोधडीत घ्या. आणि मध्ये मध्ये विचारायचं नाही.

एक होता राजा. त्याचं या गोष्टीत काही काम नाही. त्याच्या राज्याच्या पार टोकाला, जिथे त्याचा शिपाईसुद्धा फिरकत नसे, तिथे होता समुद्र. समुद्रात घुसलेला एक दगडी धक्का. निम्मा लाटांनी खाल्लेला. आजूबाजूला सगळे काळे खडक, धारदार. अनवाणी गेलं तर पाय फाटलाच समजा.

तिथे राहायचा लाडकू नाखवा. त्याची बायको गोमती, मुलगी रंभी, आणि म्हातारी आई येसूआजी. ओहोटी लागली की सगळं घर धक्क्यावर जायचं. लाडकू धक्क्यावरून गरी टाकून बसायचा. गोमती खडकांवरची कालवं काढायची. रंभी शंख-कवड्या वेचायची. आणि येसूआजी समुद्राने काय काय टाकलंय ते बघत फिरायची. ओंडके, फळ्या, दोरखंड. तिचे डोळे घारीचे, बरं का.

त्या किनाऱ्याला एक नियम होता. वाहून आलेली वस्तू ज्याला सापडेल, त्याने तिच्यावर दगड ठेवायचा. दगड ठेवला की वस्तू त्याची. मग खुशाल घरी जा, जेव, दोन दिवसांनी ये. कोणी हात लावणार नाही. ज्याने ठेवला त्यानेच दगड काढायचा. येसूआजी या नियमाला फार कडक. कोणाचा दगड नुसता सरकला तरी गावभर शिव्या.

एकदा काय झालं, येसूआजीला चांगला लांब ओंडका सापडला. तिने त्यावर दगड ठेवला. मग दमली, आणि वाळूत आडवी झाली. डोळा लागला. इकडे समुद्र रोज हे बघत होता. माणसं येतात, दगड ठेवतात, माल नेतात. त्याला वाटलं, आपणही करून बघू. मग एक लाट हळूच वर आली. तिने आजीच्या पदरावर एक दगड ठेवला आणि गुपचूप मागे गेली. दगड काळाभोर, गोल, मधून पांढरी रेघ.

भरती लागली. गोमती ओरडली, "सासूबाय, उठा, पाणी आलं!"

आजी उठायला गेली, तर पदर ओढला गेला. तिने दगड बघितला. ओला. कोणी ठेवला ते तिला लगेच कळलं. ती परत बसली.

"मी आता समुद्राची," ती म्हणाली. "तुम्ही जा."

लाडकू धावत आला. दगडाला हात घालणार, तोच आजीने त्याच्या हातावर फटका मारला. "तू ठेवलायस? मग काढतोस कसा?"

"आये, पदर कापतो मग."

"लुगडं नवं आहे, मेल्या! आणि ओंडक्याच्या एका टोकाला दगड ठेवतो आपण. म्हणून बाकीचा ओंडका सोडतो का? पदर त्याचा, म्हणजे मीही त्याची."

"सासूबाय, हट्ट नको," गोमती रडायला लागली.

"रडतेस कशाला? वाटणात तुझा हात आखडता, हे बोलायला आता कोणी उरणार नाही."

मग लाडकूने घरून नारळ आणला आणि समुद्राला दिला. म्हणाला, आईला सोड. समुद्राने नारळ परत फेकला. त्याच्याच नडगीवर बसला.

पाणी आजीच्या घोट्याला लागलं.

मग गोमतीने टोपलीतले सगळे मासे, सगळी कालवं समुद्रात ओतली. समुद्राने ती घेतली. दगड काही उचलला नाही. मासे गेले ते गेले.

पाणी आजीच्या कमरेला आलं. लाडकूने तिला धरून ठेवलं होतं. आजी घाबरली होती, पण बोलणार कोण?

रंभी बाजूला उभी राहून दगडाकडे बघत होती. मग तिने खडकाच्या खळगीतून एक बारका खडा काढला. पाण्यातून चालत गेली आणि तो खडा समुद्राच्या दगडावर ठेवला.

"हे काय गं?" लाडकू म्हणाला.

"असला दगड आपल्या किनाऱ्याला नाही," रंभी म्हणाली. "हा वाहून आलाय. वाहून आलं ते सापडेल त्याचं. मला सापडला. त्याच्यावर माझा दगड."

सगळे आजीकडे बघायला लागले. नियम तिलाच पाठ. आजीने जरा विचार केला. मग ती समुद्राकडे वळून ओरडली, "पोरगी खरं बोलते! ऐकलंस का रे?"

एक मोठी लाट येत होती. ती तिथेच थांबली. उभी. तिचा फेससुद्धा खाली पडेना. समुद्राने मान्य करायचं की नाही, याचा बराच विचार केला. मग लाट आल्या वाटेने मागे गेली. रंभीने खडा काढला, दगड उचलून काखेत मारला, आणि आजी उभी राहिली.

त्या दगडाचा त्यांनी वरवंटा केला. त्याने वाटण वाटलं की कालवणात मीठ घालावं लागत नसे. गोमतीच्या वाटणाला मग आजीने कधी नाव ठेवलं नाही. सगळे पोटभर जेवले, म्हातारे होईपर्यंत जगले. समुद्राने पुन्हा कोणा माणसावर दगड ठेवला नाही.

झाली गोष्ट. मिटा डोळे.

तो नियम आपल्या धक्क्यावर अजून आहे. सगळे पाळतात. समुद्रानेही पाळला. एका माणसाने तेवढा पाळला नाही. माझ्या सागाच्या ओंडक्यावरचा दगड काढला, ओंडका नेला, आणि त्याचा झोपाळा करून ओटीवर टांगला. चुकलो म्हणून अजून एक शब्द नाही. सुट्टीत तुम्ही त्याच झोपाळ्यावर झोके घेता. कोण म्हणून काय विचारता? तुमच्या आईचा बाप. दत्ताराम मयेकर.